नाव तेच, माणूस निराळा: नामसाधर्म्याच्या जोड्या

दाखलनोंद (धागाकर्ता)

नमस्कार. एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. सध्या आमच्याकडे जुन्या कार्डांवरील माहिती संगणकावर चढवण्याचे काम चालू आहे. त्या कामात 'ज'च्या खणापाशी आलो, तेव्हा 'जोशी, शरद' या एकाच नावाखाली सलग लावलेली अकरा कार्डे हाती लागली. त्यांपैकी सात कार्डे शेतमालाच्या भावाविषयीच्या पुस्तकांची होती आणि उरलेली चार हिंदी व्यंगलेखांच्या संग्रहांची. माझ्याआधीच्या कुणीतरी ही सगळी पुस्तके एकाच लेखकाची समजून नोंदवली होती, आणि त्यामुळे ते चारही हिंदी संग्रह इतकी वर्षे शेतीच्या कपाटात, ठिबक सिंचन आणि डाळिंब लागवडीच्या पुस्तकांशेजारी उभे होते. त्यांतल्या एका पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. ज्याला ते पुस्तक आवडले असते तो वाचक त्या कपाटाकडे कधी वळलाच नसणार, या विचाराने मला खरोखर वाईट वाटले.

दोघांची थोडक्यात ओळख करून देतो. आपल्या परिचयाचे शरद जोशी १९३५ साली साताऱ्यात जन्मले, भारतीय टपाल सेवेत अधिकारी झाले, पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कचेरीत नोकरीला होते. ती नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले आणि त्या अनुभवातून शेतकरी संघटना उभी राहिली. २०१५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसरे शरद जोशी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. १९३१ साली उज्जैनला जन्मलेले, हिंदीतील पहिल्या रांगेचे व्यंगकार. कविसंमेलनाच्या मंचावर ते गद्य वाचत आणि श्रोते ते कवितेइतक्याच उत्सुकतेने ऐकत. १९८४ साली दूरदर्शनवर लागणारी 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या शरद जोशींचे लेखन नकळत ऐकलेले आहे. त्यांचे निधन १९९१ साली मुंबईत झाले.

अशा जोड्या आपल्या सार्वजनिक जीवनात पुष्कळ असणार. जाणकारांनी त्या येथे सांगाव्यात, म्हणजे माझ्या नोंदी तपासताना त्यांचा उपयोग होईल. अट एवढीच ठेवतो की नाव आणि आडनाव दोन्ही सारखे असावे आणि कार्यक्षेत्र मात्र वेगळे असावे.

बांधावरून

धागा वाचून लगेच लिहायला बसलो, कारण या जोडीचा घोळ आमच्या घरातही झालेला आहे. १९८० साली कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले गेले, तेव्हा माझे वडील त्यात होते. 'शरद जोशी' हे नाव आमच्या ओट्यावर रोज निघायचे. पुढे घरी टीव्ही आला आणि एके दिवशी श्रेयनामावलीत लेखक म्हणून तेच नाव झळकले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर आईला म्हणाले, "साहेब एवढ्या धावपळीत हे कधी लिहितात कोण जाणे!" ते दुसरे गृहस्थ आहेत हे त्यांना कळायला बरीच वर्षे जावी लागली, आणि कळले तेव्हा त्यांना थोडे चुकल्यासारखेही वाटले असावे, कारण तोवर त्यांनी हे कौतुक गावभर सांगून झाले होते.

वऱ्हाडकर

तुमच्या अटीत थोडी सूट मिळावी अशी विनंती करून एक जोडी मांडतो. येथे आडनाव वेगळे आहे, पण स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव तंतोतंत तेच आहे, आणि मला ती शरद जोशींच्या जोडीपेक्षाही मोलाची वाटते.

पांडुरंग सदाशिव साने म्हणजे आपले साने गुरुजी. जन्म १८९९ साली दापोली तालुक्यातील पालगडचा, नोकरी अमळनेरच्या शाळेत, आणि १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून केलेले उपोषण. हे सर्वांना ठाऊक आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे मात्र आमच्या वर्ध्याचे असूनही वर्ध्यातच अनेकांना माहीत नाहीत. त्यांचा जन्म १८८४चा. क्रांतिकार्याच्या ओढीने ते अमेरिकेत गेले आणि गदर चळवळीच्या उभारणीत पुढे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या भागात त्यांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार धरले. मायदेशी परतण्याची वाट बंद झाल्यावर ते मेक्सिकोत पोहोचले आणि तेथे त्यांच्या आयुष्याचा दुसरा अध्याय सुरू झाला. चापिंगो येथील कृषी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मका व गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले. मेक्सिकोचे थोर चित्रकार डिएगो रिव्हेरा यांच्याशी त्यांचा स्नेह होता. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिव्हेरा यांनी जी चित्रे रंगवली, त्यांपैकी एकात मेजाभोवती बसलेल्या माणसांसाठी पाव मोडणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे यांच्यावरून काढलेला आहे. एका विदर्भातल्या माणसाचा चेहरा परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर अन्नदाता म्हणून रंगवला जातो, याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

एक पां. स. आपल्या बालपणात आईसारखा शिरला, दुसरा पां. स. आपल्याला शालेय पुस्तकात भेटलाच नाही. आपल्या वाचनालयात त्यांच्या नावाचे कार्ड आहे का, ते जरूर पाहावे.

मोडीवाचक

वऱ्हाडकर यांनी सूट घेतलीच आहे, तर त्याच वाटेने आणखी एक उदाहरण देतो. 'बाळ गंगाधर' एवढे दोन शब्द उच्चारले की पुढचा शब्द आपोआप 'टिळक' असा येतो. वास्तविक टिळकांचे नाव केशव, बाळ हे घरात हाक मारण्याचे नाव. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई प्रांताचे पंतप्रधान, आणि स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री, बाळासाहेब खेर हेही बाळ गंगाधर. तेही रत्नागिरीचे. त्यांचा जन्म १८८८चा, म्हणजे टिळकांहून बत्तीस वर्षांनी लहान. पेशाने ते सॉलिसिटर होते आणि १९५२ नंतर लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. या दोघांच्याही पूर्वी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर, वडील गंगाधरशास्त्री, गाव कोकणातले पोंभुर्ले. म्हणजे पत्रकार, लोकनेता आणि प्रशासक असे तीन बाळ गंगाधर एका कोकणपट्टीने दिले. विनोदी लेखक बाळ सामंत यांचेही पूर्ण नाव बाळ गंगाधर सामंत होते, ही जाता जाता नोंद.

धागाकर्त्यांची मूळ अट काटेकोर पाळणारी जोडीही माझ्याकडे आहे. १६७४ साली शिवराज्याभिषेक झाला त्या वेळचे मुख्य प्रधान मोरोपंत त्रिंबक पिंगळे. प्रतापगडाच्या बांधकामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आणि विसाव्या शतकात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक मोरेश्वर नीळकंठ पिंगळे, यांनाही सगळे मोरोपंत पिंगळे असेच म्हणत. या दोघांत जवळपास अडीच शतकांचे अंतर असल्यामुळे प्रत्यक्ष गोंधळ होऊ नये, पण संगणकावर शोध घेतला की दोघांची माहिती एकमेकांत मिसळून येते. बारामतीचे मोरोपंत, आर्या रचणारे कवी, हे त्यांतले तिसरे. त्यांचे आडनाव पराडकर. शाळेत आम्हाला इतिहासाच्या आणि मराठीच्या तासाला वेगवेगळे मोरोपंत भेटत आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रधानांनीच आर्या लिहिल्या असे वाटत असे.

माजघर

सर्वांचे प्रतिसाद आवडले, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'नाव आणि आडनाव दोन्ही सारखे' ही अट पाळली, किंवा 'नाव आणि वडिलांचे नाव सारखे' अशी सूट घेतली, तर एकोणिसाव्या शतकातील एकही स्त्री या धाग्यावर येऊ शकत नाही. कारण तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तिन्ही लग्नात बदलत होते. आणि तरीही नामसाधर्म्याचा सर्वांत मोठा घोळ आपल्याकडे स्त्रियांच्याच बाबतीत झालेला आहे. त्यामागे योगायोग कमी आणि प्रथा अधिक आहे.

ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने अंगठीने त्यांत नवे नाव लिहायचे, आणि त्या घटकेपासून मुलीने त्या नावाला ओ द्यायची. मुलींची माहेरची नावे निरनिराळी असत, पण सासरी ठेवायची नावे मात्र रमा, लक्ष्मी, आनंदी, सरस्वती, अशी ठरावीक. भरभराट सुचवणारी. शंभर ओहोळ येऊन पाच-सात नद्यांत मिळावेत तसे हे होत असे. माझ्या आजीच्या तांब्यावर तिच्या माहेरचे नाव घातलेले होते. ते नाव कुणाचे, असे मी लहानपणी तिला विचारले तेव्हा ती क्षणभर थांबून "माझंच की गं" असे म्हणाली होती. त्या घरात साठ वर्षे कुणी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती.

आता दोन लक्ष्मीबाई पाहा. एक झाशीची राणी, जन्म काशीचा, माहेरचे आडनाव तांबे, माहेरचे नाव मणिकर्णिका. गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाल्यावर ती लक्ष्मीबाई झाली. १८५८च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला तिला वीरमरण आले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ साली, नाशिककडच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नावही मनकर्णिकाच. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याशी लग्न झाले आणि तीही लक्ष्मीबाई झाली. तिने 'स्मृतिचित्रे' लिहिले. दोन मनकर्णिका, दोघींना घरी मनू म्हणत, दोघींच्या लक्ष्मीबाई झाल्या. एकीने तलवार धरली. दुसरीला लग्न झाले तेव्हा धड लिहिता-वाचताही येत नव्हते, आणि तिने मराठीतले सर्वांत निर्मळ आत्मचरित्र मागे ठेवले.

दुसरी जोडी दोन यमुनांची. देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न होऊन रमाबाई झाली. कल्याणची यमुना गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न होऊन आनंदीबाई झाली. तीच डॉ. आनंदीबाई जोशी. लग्नात या दोन यमुनांची नावे वेगळी झाली, पण त्यांना मिळालेली नवी नावे पुन्हा दुसऱ्या कुणाशी तरी जुळली. रमाबाई रानडे यांचे नाव पंडिता रमाबाईंशी, आणि आनंदीबाई जोशी यांचे नाव आनंदीबाई कर्वे यांच्याशी.

पंडिता रमाबाईंचे नाव मात्र माहेरचेच, अनंतशास्त्री डोंगरे यांनी ठेवलेले, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही. १८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि रानड्यांच्या घरातील तरुण रमाबाई त्यांच्या सभांना जाऊ लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नव्हते, हे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणजे दोन रमाबाई एका सभेत समोरासमोर बसल्या होत्या. पुढे वाटा फुटल्या. एकीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, विधवांसाठी शारदासदन उभारले आणि केडगावला मुक्ती मिशन चालवले. दुसरीने न्यायमूर्तींच्या पश्चात पुण्यात सेवासदन उभे केले, स्त्रियांना परिचारिकेचे आणि शिक्षिकेचे शिक्षण दिले. आमच्या परिसरातील एका शाळेने महिलादिनाला लावलेल्या फलकावर रमाबाई रानडे यांचे नाव आणि सेवासदनाचे कार्य लिहिलेले होते, आणि छायाचित्र पंडिता रमाबाईंचे होते. मी मुख्याध्यापकांना भेटून सांगितले, तेव्हा ते म्हणाले की रमाबाईच आहेत ना. त्या उत्तराने मी फार अस्वस्थ झाले. टिळकांच्या फलकावर खेरांचे छायाचित्र लागले असते, तर असे उत्तर आले असते का?

आनंदीबाईंविषयी थोडेसे. १८८६ साली फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या, दोघी नात्यातल्या. १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, त्याच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या, म्हणजेच आपल्या बाया कर्वे. पदवीदान, शारदासदनाचे उद्घाटन आणि हा पुनर्विवाह या तिन्ही घटना वेगवेगळ्या वर्षी ११ मार्चला घडल्या, हे मला समजले तेव्हा मी तारखा पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या होत्या. याच नावाची तिसरी स्त्री राघोबादादांची आनंदीबाई. 'ध' चा 'मा' केल्याचा डाग पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नावाला चिकटलेला असतानाही लोक सुनेचे नाव आनंदी ठेवत राहिले, यावरून त्या नावाची ओढ किती होती ते कळते.

दाखलनोंद (धागाकर्ता)

माजघर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी अट चुकीची होती हे मान्य करतो आणि ती मागे घेतो. आमच्या तालिकेत स्त्रियांची नोंद सासरच्या आडनावाखाली आहे, माहेरच्या नावाचा उल्लेख कुठेच नाही. यापुढे 'पाहा' असा निर्देश देणारे स्वतंत्र कार्ड करावे लागेल, हे आजवर सुचले नव्हते याची खंत वाटते.

तबकडी

मी जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतो, त्यामुळे माझे उदाहरण त्या क्षेत्रातले आहे. 'सुलोचना' हे नाव घेतल्यावर कोण आठवते यावरून ऐकणाऱ्याचे वय कळते. मूकपटाच्या काळातील सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. त्या पुण्याच्या, बगदादी ज्यू कुटुंबातल्या, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून पडद्यावर आल्या आणि त्या काळातील सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्या नट्यांत गणल्या गेल्या. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. दुसऱ्या सुलोचना लाटकर, भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या, मराठी आणि हिंदी चित्रपटांतील सोज्वळ आई. तिसऱ्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण. डोक्यावरचा पदर ढळू न देता, एका जागी उभे राहून, केवळ आवाजाच्या फेकीवर त्यांनी लावणी घराघरांत पोहोचवली.

सुलोचना चव्हाण १० डिसेंबर २०२२ रोजी गेल्या आणि सुलोचना लाटकर ४ जून २०२३ रोजी. त्या सहा महिन्यांत श्रद्धांजलीचे संदेश आणि छायाचित्रे यांची जी अदलाबदल झाली, ती पाहून फार वाईट वाटले. ज्या बाईने आयुष्यभर लावणी गायली तिच्या निधनाच्या संदेशाखाली पडद्यावरील आईचे छायाचित्र फिरत होते.

माजघर यांच्या मुद्द्याला पूरक अशी आणखी एक गोष्ट माझ्या संग्रहात आहे. माझ्याकडे ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या आहेत. त्यांच्या मधल्या गोल कागदावर 'सुलोचना कदम' असे छापलेले आहे. हिंदी चित्रपटांतील गाणी, आवाज कोवळा. कित्येक वर्षे मी या तबकड्या वेगळ्या खोक्यात ठेवत होतो, कारण मला ही कुणी निराळी गायिका वाटत होती. कदम हे सुलोचना चव्हाण यांचे माहेरचे आडनाव. शामराव चव्हाण यांच्याशी लग्न झाल्यावर तबकडीवरचे नाव बदलले. म्हणजे एका नावाच्या तीन बायका आणि त्यांतल्या एकीची दोन नावे. दोन्ही खोकी एकत्र केली त्या दिवशी पहिल्या तबकडीपासून शेवटच्या तबकडीपर्यंत तो आवाज कसा पिकत गेला ते मला प्रथमच सलग ऐकता आले.

पाटाचे पाणी

राजकारणातील आणि इतर क्षेत्रांतील काही जोड्या भरभर सांगतो, कारण यांचा घोळ रोजच्या बातम्यांत होतो. चंद्रकांत पाटील: एक मराठीतील कवी, समीक्षक आणि हिंदी-मराठी यांच्यामध्ये पूल बांधणारे अनुवादक, दुसरे कोल्हापूरचे भाजप नेते आणि मंत्री. गुजरात भाजपची धुरा सांभाळलेले सी. आर. पाटील यांचेही नाव चंद्रकांतच, जन्म जळगाव जिल्ह्यातला. राम कदम: एक 'पिंजरा' या चित्रपटाचे संगीतकार, दुसरे घाटकोपरचे आमदार. विजय पाटील: एक राम-लक्ष्मण या जोडनावाने हिंदी चित्रपटांना संगीत देणारे नागपूरचे संगीतकार, दुसरे मुंबई क्रिकेट संघटनेचे माजी अध्यक्ष. विश्वास पाटील हे 'पानिपत'कार आणि माजी सनदी अधिकारी, तर विश्वास नांगरे पाटील हे पोलीस अधिकारी. 'नांगरे' गाळले की दोघे एक होतात, आणि वक्त्याची ओळख करून देणारी मंडळी ते हमखास गाळतात.

जयंत पाटील यांची जोडी एकाच क्षेत्रातली असल्याने या धाग्यात बसत नाही, परंतु वडिलांच्या नावाचा उपयोग काय असतो ते तिच्यावरून उत्तम कळते. जयंत राजाराम पाटील इस्लामपूरचे, राजारामबापूंचे पुत्र. जयंत प्रभाकर पाटील अलिबागचे, शेतकरी कामगार पक्षाचे.

कोरेगावची वाट

आपट्यांचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे ही आपल्या कादंबरीतील पितापुत्रांची जोडी आहे ना?

मोडीवाचक

नाही, आणि हा समज इतका पसरलेला आहे की तो येथेच थांबवायला हवा. हरी नारायण आपटे (१८६४ ते १९१९) पुण्याचे, 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिणारे. नारायण हरी आपटे १८८९ साली जन्मलेले, सांगलीकडचे, पुढे सातारा जिल्ह्यातील कोरेगावला स्थायिक झालेले. आपल्या आयडीवरून आपल्याला त्यांच्याविषयी जिव्हाळा असणार. आपल्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे हरी नारायण, नारायण हरी, पुन्हा हरी नारायण अशी साखळी घराघरांत असते. म्हणूनच हे दोघे बापलेक असावेत असे सहज वाटून जाते, पण ते तसे नव्हते. प्रभातचा १९३७ सालचा 'कुंकू' हा चित्रपट नारायण हरींच्या कादंबरीवर बेतलेला आहे, आणि त्याचे श्रेय कित्येकदा हरीभाऊंना दिले जाते.

येथे एक गंभीर बाब नोंदवायला हवी. गांधीहत्येच्या खटल्यात फाशी गेलेला नारायण आपटे हा नारायण दत्तात्रय. कादंबरीकार ना. ह. आपटे त्या वेळी हयात होते. ते १९७१ पर्यंत जगले. मधले एक अक्षर गाळले तर केवढा अन्याय होऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण नसेल. नावाची आद्याक्षरे लिहायचा कंटाळा करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगत आलो.

माजघर

आणखी दोन नावे सांगून थांबते. बहिणाबाई म्हटल्यावर बहुतेकांना जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात; असोद्याच्या माहेरवाशीण, शेतात राबता राबता ओव्या रचणाऱ्या, ज्यांच्या कविता पुत्र सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि ज्या त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या संत बहिणाबाई वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग त्यांचा. तुकोबांनी त्यांना स्वप्नात उपदेश केला आणि त्यांनी आपले आयुष्य स्वतः सांगून ठेवले. दोघीही कवयित्री असल्यामुळे व्यवसाय वेगळा म्हणता येणार नाही, पण एक मठात पुजली जाते आणि दुसरीच्या नावाचे विद्यापीठ आहे. 'इमारत फळा आली' हे बहिणाबाई चौधरींच्या नावावर लिहिलेले मी निबंधाच्या वहीत वाचले आहे.

दुसरे नाव सावित्रीबाई. फुल्यांच्या सावित्रीबाईंविषयी सांगायला नको. सावित्रीबाई खानोलकर मात्र किती जणांना ठाऊक आहेत? १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली एक मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली, भारतात आली, लग्न केले आणि सावित्री झाली. तिने संस्कृत आणि पुराणे यांचा इतका मनापासून अभ्यास केला की स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा आराखडा करण्याचे काम तिच्याकडे आले. परमवीरचक्रावरील वज्र हे दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या त्या कथेतून तिने घेतलेले आहे. येथेही नाव लग्नातच बदलले, पण या वेळी ते बदलून घेणारी सात समुद्रांपलीकडून आलेली होती, आणि तिने ते नाव आपलेसे केले.

बांधावरून

माजघरताईंचे वाचून एक आठवण आली. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत आमच्या वडिलांनी तीन एकर आईच्या नावावर केले. तलाठ्याकडे गेल्यावर पहिला प्रश्न आला की नाव कोणते लिहायचे. आईचे सासरचे नाव लक्ष्मी, आणि चुलत्यांच्या घरातही एक लक्ष्मी, दोघींचे आडनाव अर्थातच एक, आणि दोघींच्या नवऱ्यांचे नावही एकच. वडील गोंधळले. आई मागे दाराशी उभी होती. ती पुढे झाली आणि तिने आपले माहेरचे नाव सांगितले. सातबाऱ्यावर कंसात ते आजही आहे.

दाखलनोंद (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आज रविवार असूनही वाचनालय उघडून बसलो होतो. 'जोशी, शरद' यांच्या कार्डांवर आता जन्मवर्ष घातले आहे, १९३१ आणि १९३५, आणि चारही हिंदी संग्रह शेतीच्या कपाटातून काढून हिंदी विभागात दर्शनी फळीवर ठेवले आहेत. 'आपटे' या खणात तीन कार्डे एका ना. ह. यांची आणि दोन हरीभाऊंची एकत्र होती, ती वेगळी केली. 'टिळक, लक्ष्मीबाई' या कार्डाखाली 'माहेरचे नाव मनकर्णिका गोखले' अशी ओळ लिहिली. वऱ्हाडकर यांना सांगायचे म्हणजे, खानखोजे यांचे कार्ड आमच्याकडे नव्हते. त्यांच्या चरित्राची मागणी पुढच्या खरेदीच्या यादीत घातली आहे. रमाबाईंच्या कार्डांचे काम उद्या करीन, ती बावीस आहेत.